डिव्हिडंडचा टॉवेल

सोलापूर शहरात तेलाच्या विहिरींचा मालक एकच आहे आणि तो सायकलवरून फिरतो. ते माझ्या बायकोचे थोरले मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. आधी मैंदर्गीला आणि मग सोलापुरात हयातभर त्यांनी पोरांना भूगोल शिकवला, पण 'निवृत्त शिक्षक' अशी ओळख करून दिलेली त्यांना खपत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जोडीने नमस्काराला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "जावईबापू, आपला व्यवसाय?" मी म्हटलं, "नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे." "छान. आमचा तेल आणि नैसर्गिक वायूचा," असं ते इतक्या सहज म्हणाले की मी घराकडे नव्याने बघू लागलो. भिंतीला पोपडे आलेले, पंखा कुरकुरणारा. तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेलाचं राहू द्या, आधी पाण्याची मोटर लावा. नळ जाईल."

खरी परिस्थिती अशी की, एका लहानशा तेल आणि वायू कंपनीचे थोडे शेअर मामांच्या नावावर आहेत. लहानशी म्हणजे जिचं नाव सांगितलं तर शेअरबाजारातला माणूससुद्धा "कुठली?" म्हणून विचारील, इतकी. गुजरातकडे तिच्या काही विहिरी आहेत आणि समुद्रातल्या एका शोधमोहिमेत चिमूटभर भागीदारी. तेलाने भरलेल्या पिंपात बोट बुडवून बाहेर काढलं तर बोटाला जेवढं चिकटेल, तेवढीच मामांची मालकी. आणि त्यातलीही निम्मी दुसऱ्या माणसाची. त्या दुसऱ्या माणसाकडे मी येणारच आहे, कारण मला खरं सांगायचंय ते त्या दोघांचं. पण मामांना ओलांडून पुढे जाणं सोपं नाही.

पेट्रोलचा भाव वाढला की अख्खं सोलापूर कातावतं आणि मामांच्या चेहऱ्यावर मुलगी बोर्डात आल्यासारखं तेज चढतं. पण माणूस मुळातला सज्जन. आपल्या आनंदामुळे दुसऱ्याच्या खिशाला चाट बसते हे त्यांना सोसत नाही. भाव वाढला की ते मुद्दाम कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर जातात आणि एकेकाची माफी मागतात. "नाइलाज आहे हो. भाव आमच्या हातात नसतो, वर ठरतो." एकदा एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, तुमारीच कंपनी है तो मेरेकू दो लिटर ऐसेच दिला दो ना." मामांनी ही मागणी गंभीरपणे घेतली. जमिनीतून निघतं ते तेल कच्चं असतं, ते रिक्षात घालता येत नाही, ते शुद्ध करणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आपली नुसती काढणारी, हे सगळं त्यांनी खडकांच्या थरांपासून समजावून सांगितलं. रिक्षावाल्याची तेवढ्यात दोन भाडी गेली. तेव्हापासून मामांची सायकल लांबून दिसली की स्टँड रिकामा होतो.

मामा स्वतः पेट्रोलचा थेंब जाळत नाहीत. "हलवाई स्वतःचे पेढे खातो का? मग?" हे त्यांचं उत्तर. दुसऱ्यांनी मात्र सढळ हाताने जाळावं असा आग्रह. सिग्नलला मी स्कूटर बंद केली की शेजारी सायकलवर एक पाय टेकून उभे असलेले मामा हळहळतात. "कशाला बंद केलीत? असू द्या की चालू. थेंबाथेंबानेच डिव्हिडंड होतो." घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की हे बाहेरून ओरडणार, "अजून एक होऊ दे!" मामी म्हणतात, "वरणाचा लगदा झाला तर तुमच्या अध्यक्षांना वाढू का?" मामांच्या घरी गेली कित्येक वर्षं मी जे वरण खातोय त्याला वरण म्हणणं हे निव्वळ नातं सांभाळणं आहे.

कंपनीची वार्षिक सभा म्हणजे मामांची दिवाळी. पूर्वी ती परगावी भरायची आणि मामा मनाने जायचे. आता ती पडद्यावर भरते आणि मामा माझ्या दुकानात येतात, कारण घरातलं इंटरनेट मामींच्या मालिकांनी व्यापलेलं असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात नवी पेठेत माणसाला बनियन जड होतं. सभा उन्हाळा सरल्यावर असते म्हणून काय झालं, उकाडा तसा असतोच. त्यात हे लग्नातला लोकरीचा कोट घालून, टोपी चढवून, चष्म्यांच्या कपाटासमोर ताठ बसतात. गिऱ्हाईक आलं तर मी खुणेने गप्प करायचं. बोलायचं असलेल्या भागधारकांनी आधी नाव नोंदवायचं असतं. मामांचं नाव पहिल्या दिवशी जातं. दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत मामा हिंदीतून सिद्धेश्वराच्या नगरीतर्फे संचालकांना वंदन करतात, अहवालातल्या नकाशात नदी चुकीच्या अंगाने वाहते आहे हे निदर्शनास आणून देतात आणि शेवटी म्हणतात, "अध्यक्षजी, हुरडे के मौसम में सपरिवार सोलापूर पधारिए. शेंगा चटणी, कडक भाकरी, सब व्यवस्था है." अध्यक्ष दर वर्षी एकच शब्द उच्चारतात, "नोटेड." पहिल्या वर्षी मामा कोटाच्या बाहीने घाम पुसत म्हणाले, "ऐकलंत? नोटेड म्हणाले. लिहून घेतलं त्यांनी." त्या हिवाळ्यात त्यांनी माळ्यावरच्या गाद्या उन्हात घातल्या आणि मैंदर्गीच्या भावाला हुरडा राखून ठेवायला सांगितला. संक्रांत उलटली, हुरडा संपला, ज्वारी कापून झाली. "कामं असतात त्यांना," मामा म्हणाले. गाद्या मात्र अजून दर वर्षी उन्हात पडतात.

आता तो दुसरा माणूस. मामांच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे, टॉवेलवाले अण्णा राहतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात हिंदी, आणि रागात तिन्ही. तरुणपणी हे दोघं एकमेकांना 'पार्टनर' म्हणायचे. कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा मामांनी आपल्या गॅलरीत अण्णांना बसवून, फळ्याऐवजी फरशीवर खडूने भूगर्भाचे थर काढून, तेल कुठं आणि का साठतं ते शिकवलं. मामांकडे ज्ञान होतं, पैसे अर्धेच होते. उरलेले अर्धे अण्णांनी घातले आणि शेअर दोघांच्या नावावर घेतले. मामी सांगतात, त्या दिवशी दोघांनी गल्लीत पेढे वाटले आणि कशाचे पेढे म्हणून विचारणाऱ्याला "आम्हाला तेल लागलं" असं सांगितलं.

पुढे एक दिवस असा आला की त्या शेअरचा भाव चढता चढता कुठल्या कुठे गेला. अण्णांना कारखान्यात नवे माग बसवायचे होते. ते आले आणि म्हणाले, "पार्टनर, विकू या." दोन नावं, म्हणून सह्याही दोघांच्या लागणार. मामांनी सही केली नाही. "मालक कधी कंपनी विकून पळतो का?" हे त्यांचं म्हणणं. अण्णांनी समजावलं, चिडले, हात जोडले. मामा हलले नाहीत. आणि मग, शेअरबाजारात होतं तसं, भाव जो कोसळला तो पुन्हा कधी वर मान करून बघायला तयार नाही. अण्णांनी बँकेचं कर्ज काढून माग बसवले, ते फेडलं, आज त्यांचं चांगलं चाललंय. पैशांचा प्रश्न कधीच मिटला. पण जिव्हारी लागायचं ते लागलं. "पार्टनर म्हनायचं आन् एक सही द्यायची न्हाय," हे अण्णांचं दुःख, आणि "पार्टनर म्हणायचं आणि कंपनी विकायला निघायचं," हे मामांचं. बोलणं बंद झालं. 'पार्टनर'चं 'मास्तर' झालं आणि 'टॉवेलवाले' झालं. समोरासमोरची दारं, पण एकाने केर काढायला दार उघडलं की दुसरा लावून घ्यायचा.

राहिला एक धागा, तो डिव्हिडंडचा. कंपनी नफ्यातून दर वर्षी जो वाटा द्यायची, तो पहिल्या नावाच्या माणसाच्या, म्हणजे मामांच्या खात्यात यायचा. त्यातला अर्धा अण्णांचा. मामा हिशोबाचे पक्के; दुसऱ्याचा पैसा घरात एक रात्रही ठेवायचा नाही. पण बोलणं तर बंद, मग कळवायचं कसं? त्यावर मामींच्या मध्यस्थीने तोडगा असा निघाला की डिव्हिडंड जमा झाला की मामांनी गॅलरीच्या कठड्यावर लाल काठाचा एक मोठा टॉवेल वाळत घालायचा. हा टॉवेल अण्णांच्याच कारखान्यातला, भांडणाआधी भेट आलेला. तो कधी कोणी अंग पुसायला वापरत नाही. टॉवेल दिसला की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अण्णांनी माझ्या दुकानात यायचं. माझं दुकान का, तर ते दोघांच्याही घरापासून सारखंच लांब आणि मी तटस्थ. असं मामांनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही.

दुकानात होणारा तो सोहळा बघण्यासारखा. मामा बँकेतून कोऱ्या नोटा आणायचे आणि अण्णांचा वाटा काउंटरवर ठेवायचे. अण्णा अंगठा ओला करून मोजायचे, उलट्या बाजूने पुन्हा मोजायचे. डझनावर डझन टॉवेल मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस. सासऱ्याने दिलेला आहेरही त्यांनी मांडवात मोजून घेतला होता म्हणतात. वाटणीत वरचा एखादा रुपया उरला तर तो मला, 'ब्रोकरेज' म्हणून. मग दोघं न बोलता शेजारच्या खानावळीत जायचे. कडक भाकरी, शेंगांची भाजी, घट्ट दही. मला बरोबर नेत असत, कारण कोणी कोणाला मीठ द्यायचं ते सांगायला मधे माणूस हवा. पहिली भाकरी मुक्याने. दुसऱ्या भाकरीला अण्णा ताटाकडे बघत म्हणायचे, "चष्मेवाले, तुमच्या मामांचा गुडघा कसा हाय?" मामा भिंतीकडे बघून म्हणायचे, "जावईबापू, बरा आहे म्हणावं. नातवाचं लग्न जमलं का विचारा." शेवटी शेंगापोळीवर तूप घालेपर्यंत माझी गरज संपलेली असायची. ताक येईस्तोवर दोघं असे बोलत असत की मी उठून गेलो तरी कळू नये. मग बिल अर्धं अर्धं, आणि पुन्हा वर्षभर दारं बंद. हे इतकी वर्षं चाललं की मला ते सणवारासारखंच वाटू लागलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी कंपनीची समुद्रातली विहीर कोरडी निघाली. ही बातमी सांगायला मामा सायकलला कुलूपही न लावता दुकानात आले. "आमची विहीर कोरडी गेली हो." दुकानात मैंदर्गीकडचे एक मेंढपाळ आजोबा नव्या चष्म्यातून आपल्या तळहाताकडे बघत बसले होते. त्यांना कळवळा आला. "लई वाईट झालं की वो मास्तर. बोअर कुटं मारली व्हती?" "समुद्रात," मामा म्हणाले. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "समिंद्रात? आन् तितं बी कोरडी?" त्यांनी मामांचा हात हातात घेतला. "तुमच्या नशिबापुडं आमचं काय बी न्हाय बगा." ते जाताना चष्म्याचे पैसे घासाघीस न करता देऊन गेले. जगात आपल्याहून दुर्दैवी माणूस आहे हे पाहून माणसाचा हात सैल होत असावा.

कोरड्या विहिरीने नफा गिळला आणि त्या वर्षी संचालकांनी डिव्हिडंड सुचवलाच नाही. हे आधीच कळलेलं होतं, पण सभेत मागून बघावं अशी मामांना आशा. ते आले, कोट चढवला, टोपी नीट केली. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सिद्धेश्वराचं नाव घेतलं नाही, नदीला वळवलं नाही, हुरड्याचं आमंत्रण दिलं नाही. म्हणाले, "अध्यक्षजी, थोडासा तरी? शेअर को पचास पैसा भी चलेगा. कारण है." पडद्यावरचे अध्यक्ष म्हणाले, "नोटेड." मामांनी कोट काढून घडी घातली. त्यांना पैशांची चिंता नव्हती. त्या रकमेत महिन्याचं दूध आलं नसतं. मला कळत होतं त्यांना कशाची भीती वाटतेय ते, आणि मलाही तीच वाटत होती. टॉवेल लागला नाही तर ही दोन म्हातारी माणसं एकमेकांशी पुन्हा बोलायची कशी?

नेहमीचे दिवस आले आणि गेले, गॅलरी रिकामी राहिली. मामी एके दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला. समोरचे अण्णा रोज सकाळी दारात उभे राहून दात घासतात. घरात बेसिन आहे हो. अर्धा अर्धा तास घासतात आणि आमच्या गॅलरीकडे बघतात. आणि आमचे हे पडद्याआडून त्यांच्याकडे बघतात. दोघांपैकी एकाचे दात जाणार आणि दुसऱ्याचे डोळे." मी संध्याकाळी जाऊन मामांना म्हटलं, "मामा, सरळ जा आणि हाक मारा." ते म्हणाले, "विषय काय काढू? डिव्हिडंड असला की मी त्याचं देणं द्यायला बोलावतो. तो नसताना बोलावलं तर ती माघार होते. ती मी घेतलीसुद्धा असती, पण तो म्हणेल, शेअर विकले असते तर ही वेळ आली नसती. आणि ते खरं आहे." एवढं मात्र ते माझ्याकडे बघून म्हणाले, भिंतीकडे नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात लाल काठाचा टॉवेल कठड्यावर फडकला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडून धसकून बसलो होतो, कारण नकाशातली नदी बोटभर सरकली तर अस्वस्थ होणारा हा माणूस आता काय बोलणार हे मला दिसत होतं. अकराला अण्णा आले. मामा आधीच आलेले. त्यांनी कोऱ्या नोटा काउंटरवर ठेवल्या, घसा खाकरला आणि कपाटातल्या चष्म्यांना उद्देशून म्हणाले, "यंदा कंपनीने जरा कमीच दिलाय." खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचे कान किती लाल होऊ शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. अण्णांनी नोटा उचलल्या आणि खिशात घातल्या. "हं," म्हणाले, "देतात त्ये बी बरंय." मामांनी रक्कम अशी आणली होती की वर एक रुपया उरावा. तोही त्यांनी मला दिला. खोटेपणातसुद्धा त्यांनी माझं ब्रोकरेज बुडवलं नाही.

मामा सायकलला कुलूप लावायला बाहेर गेले. अण्णा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कंपनीनं या साली एक पैसा दिल्याला न्हाय, म्हाइताय मला. मी रोज मोबाइलवर भाव बघतो की. कोरड्या हिरीचं बी मला आधी कळलं." मी विचारलं, "मग घेतलेत कशाला?" अण्णांनी रस्त्याकडे बघितलं. नवी पेठेच्या गर्दीत मामांची टोपी सायकलच्या कुलपाशी झटापट करत होती. "आता न्हाय म्हनलं असतं तर फुडच्या साली टॉवेल कोन लावनार?" ते म्हणाले. आणि मग, "पार्टनरला सांगू नका." मामांना ते पार्टनर म्हणाले हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मला मात्र समोरचा नंबरांचा तक्ता एकदम धूसर दिसायला लागला. त्या दिवशी खानावळीत मिठासाठी कोणी माझी वाट पाहिली नाही.

चार दिवसांनी अण्णा एकटेच दुकानात आले. हातात पुडकं. उघडलं तर झेंडूच्या रंगाचा, डोळ्यांवर येणारा एक नवा टॉवेल. "मास्तरला द्या. जुना पार इटलाय, लांबून दिसत न्हाय." मी म्हटलं, बसा, डोळे तपासतो. मोतीबिंदूची सुरुवात होती. तक्त्यावरच्या वरच्या ओळीलाच ते कंटाळले. "अक्षरं कशाला वाचायला लावताय? मला गल्लीच्या पलीकडचं दिसलं म्हंजे बास." मी नंबर काढून चष्मा दिला आणि ऑपरेशन करून घ्या म्हटलं. "बघू की," म्हणाले, म्हणजे नाही.

नव्या टॉवेलने मामांना जोर आला. त्यांनी जाहीर केलं की कंपन्या वर्षाच्या मधेही डिव्हिडंड देऊ शकतात, त्याला अंतरिम म्हणतात. मग पितृपक्ष संपला म्हणून अंतरिम, मामींनी धपाटे केले म्हणून अंतरिम. झेंडूचा टॉवेल लागायचा, अण्णा यायचे, मामा गंभीरपणे थोड्या नोटा द्यायचे, अण्णा गंभीरपणे त्या खिशात घालायचे आणि खानावळीचं बिल दोघांचं स्वतः द्यायचे. एवढा उदार डिव्हिडंड देणारी तोट्यातली कंपनी भारतात दुसरी नसेल. मी दोघांकडचं ऐकून घ्यायचो आणि कोणाचं कोणाला सांगायचो नाही. रुपया रुपया ब्रोकरेज घेतलंय, तेवढी निष्ठा पाळायला हवी.

आणि यंदा मामा धावतपळत दुकानात आले. "जावईबापू, पंचाईत झाली. कंपनीला वायू लागला. डिव्हिडंड जाहीर केलाय. जमाही झाला."

"मग आनंद आहे की, मामा."

"अय्यो, आनंद कसला! आता हा कसा कळवू? पिवळा टॉवेल लावला तर त्याला वाटेल हाही माझ्याच खिशातला."

मी चमकून बघितलं. "म्हणजे त्यांना माहीत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

नकाशावर सोलापूर न सापडणाऱ्या मुलाकडे बघावं तसं मामांनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, नोटा न मोजता खिशात घालणारा टॉवेलवाला मी जन्मात पाहिलेला नाही."

बराच विचार करून त्यांनी ठरवलं की खऱ्या डिव्हिडंडला खरा टॉवेल. तो जुना, लाल काठाचा. मामींनी ट्रंकेतून काढून दिला. मी त्या संध्याकाळी तिकडेच होतो, म्हणून गल्लीत उतरून अण्णांच्या दारातून मुद्दाम वर बघितलं. टॉवेल उन्हाने इतका फिकट झालाय की मागच्या चुन्याच्या भिंतीवर तो माझ्या धडधाकट डोळ्यांनाही शोधावा लागला. अण्णांच्या डोळ्यांचा नंबर मीच काढलाय. तो टॉवेल त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मामांना हे सांगावं असं मनात आलं, पण कठड्यावर टॉवेलाची चुणी सरळ करणारा त्यांचा हात बघून सांगवेना.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच दुकान उघडलं. मामा कोऱ्या नोटा घेऊन बसले होते आणि काचेच्या दाराकडे बघत नाही असं दाखवत होते. अकरा वाजता अण्णा एका हाताने भिंत चाचपत पायऱ्या चढून आत आले. "मास्तर, टॉवेल दिसला," म्हणाले. खुर्चीत टेकले, मामांनी पुढे केलेल्या नोटा हातात घेतल्या आणि अंगठा ओला करून दोनदा मोजल्या.